ठाण्याची वर्तुळ मेट्रो आणि रहिवाशाचा जिना

कोणत्याही मोठ्या सार्वजनिक कामाच्या आरंभी नागरिकांकडून 'हरकती व सूचना' मागविण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. या जोडशब्दातील पहिल्या अर्ध्याला थोडेफार वजन असते, दुसऱ्याला जवळजवळ नसते. हरकत घेणारा मनुष्य उद्या न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून त्याच्या अर्जाला क्रमांक मिळतो, सुनावणीची तारीख मिळते. सूचना करणाऱ्या रहिवाशाला काम व्हावे असेच वाटत असते. तो अडवणूक करणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्याचा कागद पोच देऊन फायलीत लावला की कार्यालयाचे कर्तव्य संपते. ठाणे शहराच्या नियोजित वर्तुळाकार मेट्रोच्या बाबतीत ही रीत चालू ठेवणे शहराला फार महाग पडेल. ते कसे, हे त्या प्रकल्पाच्याच आकड्यांवरून दाखविता येते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. मार्गाची लांबी २९ किलोमीटर, स्थानके २२. त्यांतील २० खांबांवर आणि २ भूमिगत. खर्चाचा अंदाज सुमारे १२,२०० कोटी रुपये आणि काम पुरे करण्याचे उद्दिष्ट २०२९. एका बाजूस खाडी व उल्हास नदी आणि दुसऱ्या बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर यांच्यामध्ये दाटलेल्या पश्चिम ठाण्याला हा मार्ग वळसा घालणार आहे. नौपाडा, वागळे इस्टेट, डोंगरीपाडा, हिरानंदानी इस्टेट, कोलशेत, साकेत ही त्यावरील ठळक ठिकाणे. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२९ साली, दररोज ६ लाख ४७ हजार प्रवासी मिळतील आणि २०४५ पर्यंत ही संख्या ८ लाख ७२ हजारांवर जाईल, असे गृहीत धरले आहे.

याच मार्गासाठी मधल्या काळात मेट्रोऐवजी हलक्या रेल्वेचा पर्याय विचारात घेतला गेला होता, हे आता पुष्कळांच्या विस्मरणात गेले असेल. हलकी रेल्वे म्हणजे ट्रामचीच सुधारलेली नात. मुंबईने ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम पाहिली, १९०७ मध्ये विजेची पाहिली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे गेलेल्या गाडीबरोबर तिचा निरोप घेतला. त्या ट्रामचा मोठा गुण असा की, पदपथावरून एक पाऊल उचलले की मनुष्य गाडीत असे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २०१९ मध्ये 'मेट्रोलाइट' या नावाने हलक्या रेल्वेची जी मानके प्रसिद्ध केली, तीही ताशी एका दिशेने १५ हजारांपर्यंत प्रवासी असलेल्या, शक्यतो जमिनीवरूनच स्वतंत्र पट्ट्यात धावणाऱ्या गाडीची आहेत. मोठ्या मेट्रोच्या मानाने तिला सुमारे ४० टक्केच खर्च येतो, असा सरकारचा दावा होता. ठाण्याच्या रस्त्यांवर अशी गाडी सर्वस्वी जमिनीवरून नेता आली असती असे नव्हे. बऱ्याच ठिकाणी तिलाही खांबच लागले असते. ते असो. निर्णय मेट्रोचा झाला आहे आणि गर्दीचे अंदाज पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्या निर्णयाबरोबर गाडी रस्त्यावरून उचलून वर नेली गेली. वीस स्थानकांवर प्रवाशाला रस्त्यापासून तिकीटघरापर्यंत आणि तिकीटघरापासून फलाटापर्यंत असे दोनदा चढावे लागणार. ट्रामला जिना नव्हता. मेट्रोला तो आहे आणि तो कोठे उतरतो, हा प्रश्न आता केवळ शोभेचा राहिलेला नाही.

रहिवाशांच्या सूचना बहुधा याच विषयाच्या असतात. जिना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरावा. सरकता जिना चढण्यासाठीच नव्हे, तर गुडघे दुखणाऱ्यांसाठी उतरण्याच्या बाजूलाही असावा. बसथांबा जिन्याच्या पायथ्याशी आणावा, पावशे पावलांवर ठेवू नये. पावसाळ्यात पायथ्याशी पाणी तुंबू नये. पदपथ अखंड असावा आणि त्यावर विजेची पेटी उभी करू नये. अभियंत्याच्या टेबलावर हा कागद आला म्हणजे त्याला तो शुल्लक वाटतो. बोगदा, तुळई, विद्युतपुरवठा यांच्यापुढे जिन्याची कथा ती काय? अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र या सूचना प्रकल्पाच्या गाभ्यालाच हात घालणाऱ्या आहेत.

प्रवाशाच्या लेखी प्रवास म्हणजे घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंतचा वेळ. कल्याणहून मुंबईला जाणारा कारकून स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटे चालतो, कारण पुढे गाडीत तासाहून अधिक वेळ जायचा असतो. त्या तासाच्या मानाने पंधरा मिनिटे खपून जातात. वर्तुळ मेट्रोवरचा प्रवास तसा नाही. वाघबीळहून ठाणे स्थानकापर्यंत किंवा वागळे इस्टेटपासून कोलशेतपर्यंतचे अंतर आठ-दहा किलोमीटरांच्या आतले. गाडीत फार तर पंधरा-वीस मिनिटे जातील. घरापासून स्थानक दहा मिनिटे, चढणे-उतरणे चार-पाच मिनिटे, गाडीची वाट आणि पलीकडे पुन्हा तेवढेच चालणे, असा हिशेब मांडला तर निम्म्याहून अधिक वेळ गाडीच्या बाहेरच गेला. शिवाय वाहतुकीचे अर्थशास्त्र मानते की, चालण्यात व वाट पाहण्यात गेलेले एक मिनिट प्रवाशाला गाडीत बसून गेलेल्या मिनिटाच्या जवळजवळ दुप्पट वाटते. आणि ठाण्यात या गाडीशी स्पर्धा कोणाची आहे? गृहसंकुलाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या शेअर रिक्षाची आणि मुलाने घेतलेल्या स्कूटरची. ही दोन्ही वाहने जिना चढायला लावीत नाहीत.

आता पैशाचा हिशेब. १२,२०० कोटी रुपयांच्या सार्वजनिक पैशाला वर्षाला केवळ पाच टक्के मोल धरले, तरी ते ६१० कोटी रुपये होते. अपेक्षित ६ लाख ४७ हजार प्रवासी वर्षाचे ३६५ दिवस आले असे मानले, तर एका प्रवासामागे हा भार सुमारे २६ रुपये पडतो. वीज, पगार, देखभाल वेगळी. प्रवासी अंदाजाच्या एकतृतीयांशच आले, तर तोच भार ७७ रुपयांच्या घरात जातो. तिकिटातून तो वसूल होणे शक्य नाही. म्हणजे तो कोठल्या तरी शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा पाणीयोजनेच्या वाट्यातून जाणार. अंदाज एकतृतीयांशावर येणे ही कल्पनेची भरारी नव्हे. देशातील मेट्रो प्रकल्पांचा आढावा घेताना गृहनिर्माण व नगरविकास खात्याच्या संसदीय स्थायी समितीने २०२२ च्या अहवालात बहुतेक शहरांत प्रवासी अपेक्षेहून फार कमी असल्याचे नमूद केले होते, आणि त्याच्या कारणांत घर ते स्थानक या टप्प्याच्या सदोष नियोजनाचा समावेश केला होता.

उलट बाजूचाही हिशेब करून पाहावा. चांगल्या जागी उतरलेल्या जिन्यामुळे व पायथ्याशी आलेल्या बसमुळे प्रत्येक प्रवासामागे चार मिनिटे वाचली असे धरले, तर ६ लाख ४७ हजार प्रवासांत दिवसाला सुमारे ४३ हजार तास वाचतात. तासाचे मोल अगदी ६० रुपये, म्हणजे मिनिटाला एक रुपया धरले, तरी दिवसाला जवळजवळ २६ लाख आणि वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ७७ कोटींवर रक्कम होते. हा हिशेब हौसेखातर केलेला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने प्रकल्पाच्या मंजुरीसाठी आठ टक्के वित्तीय परताव्याऐवजी चौदा टक्के आर्थिक परताव्याची कसोटी लावली. आर्थिक परतावा म्हणजे तिजोरीत येणाऱ्या पैशाबरोबर लोकांचा वाचलेला वेळ, इंधन, टळलेले अपघात यांचेही मोल. मंजुरी मिळविताना प्रवाशाची मिनिटे जमेच्या बाजूला धरावयाची आणि तीच मिनिटे वाचविण्याची सूचना त्याने केली की ती किरकोळ ठरवावयाची, हा हिशेब कोणत्याही लेखापालाला पटू नये. त्याच धोरणात स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर टापूतील पूरक बस व पायवाटांची हमी राज्याने प्रकल्प अहवालातच द्यावी, अशी अटही आहे.

या मुद्द्याचा प्रत्यक्ष पुरावा मुंबईत एकाच वर्षी मिळाला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा मोनोरेल सुरू झाली आणि ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. दोन्हींच्या लांबीत फारसे अंतर नव्हते. मोनोरेल सुमारे ९ किलोमीटर, मेट्रो ११.४. मेट्रोला अंधेरीत पश्चिम रेल्वे आणि घाटकोपरला मध्य रेल्वे पादचारी पुलानेच जोडलेली होती; उपनगरी गाडीतून उतरलेला मनुष्य रस्त्यावर पाय न ठेवता मेट्रोत चढू शकत होता. आज कामाच्या दिवशी तिचे प्रवासी चार लाखांवर असतात. मोनोरेलचे चेंबूर व वडाळ्याचे टोक रेल्वेस्थानकांपासून तुटक राहिले, मधली स्थानके विरळ वस्तीत, आणि गाड्याही थोड्या. पुढे मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढली, तरी गर्दी तिच्या वाट्याला आली नाही. ती आली ती १९ ऑगस्ट २०२५ रोजी, अतिवृष्टीने हार्बर मार्ग ठप्प झाला तेव्हा. आणि त्या भाराने गाडी वरच अडकून पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून उतरवावे लागले. महिन्याभरात, सप्टेंबर २०२५ मध्ये, नव्या गाड्या व यंत्रणा बसविण्याच्या कारणास्तव ती सेवा थांबविण्यात आली. मोनोरेलच्या अपयशाला तंत्राचा व कंत्राटदाराचा दोषही कारण झाला, हे मान्यच आहे. तथापि तिची यंत्रणा धडधाकट होती त्या दिवसांतही डबे रिकामेच धावत होते.

ठाण्याला तर याचे उदाहरण बाहेर शोधण्याचेही कारण नाही. पश्चिमेला स्थानकासमोर उभारलेल्या सॅटीसच्या पुलावर परिवहनच्या बसगाड्या वरच्या मजल्यावर येतात आणि तेथून प्रवासी थेट रेल्वेच्या पादचारी पुलावर जातो. त्या पुलाखालच्या अंधाराविषयी व गर्दीविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण बस आणि रेल्वे यांच्यामधला रस्ता ओलांडण्याचा त्रास त्याने कमी केला, हे त्याचा रोज उपयोग करणारा शिक्षकही नाकारणार नाही.

येथवरचा युक्तिवाद मान्य करूनही अधिकारी म्हणतील, जिने आम्ही योग्य जागी काढूच. त्यासाठी रहिवाशांना कशाला विचारावयाचे? याचे उत्तर प्रकल्पाच्या वित्तव्यवस्थेत दडलेले आहे. मंजुरीच्या वेळी केंद्राने असे जाहीर केले की, केंद्र व राज्य यांचे समान भागभांडवल आणि परदेशी संस्थांचे कर्ज यांखेरीज काही पैसा स्थानकांच्या नावांचे आणि प्रवेशाचे हक्क उद्योगसमूहांना विकून, तसेच वाढलेल्या जमीनमूल्यातून उभारला जाईल. नावाचा हक्क विकावयाचा तर विकावा. स्थानकाला साबणाचे नाव दिले म्हणून गाडी उशिरा येत नाही. प्रवेशाच्या हक्काचे तसे नाही. मॉलने किंवा कचेऱ्यांच्या संकुलाने पैसे मोजले म्हणजे तिकीटघरापासून थेट त्यांच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत थंडगार पूल जाणार. ते पैसे सार्वजनिक कामाला लागत असतील तर यात वावगे काही नाही. मात्र स्थानकाच्या मजल्याला दारे मोजकीच काढता येतात. सर्वांत सोयीची बाजू आधी विकली गेली, तर पलीकडच्या चाळीकडे, शाळेकडे किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या फाटकाकडे उतरणारा जिना 'दुसऱ्या टप्प्यात' जातो, आणि आपल्याकडे दुसरा टप्पा ही कोणत्या जातीची वस्तू आहे हे सर्वांना माहीत आहे. उद्योगसमूहाची सूचना करारपत्रावर येते, रहिवाशाची साध्या कागदावर. म्हणूनच सार्वजनिक प्रवेशद्वारांच्या जागा आधी ठरवून जाहीर व्हाव्यात आणि विक्रीला फक्त त्यानंतर उरलेली बाजू काढावी, हा क्रम लेखी बांधून घेतला पाहिजे.

शिवाय रहिवासी येथे निव्वळ याचक नाही. एप्रिल २०२२ पासून ठाण्यात घर घेणारा मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरीत आला आहे. पन्नास लाखांच्या घरामागे ही रक्कम पन्नास हजार होते. ज्याने गाडी येण्याच्या कितीतरी आधी तिच्यासाठी पैसे मोजले, त्याला दार कोणीकडे असावे हे सांगण्याचा अधिकार निदान मॉलच्या मालकाइतका तरी आहे.

अर्थात रहिवाशांच्या सगळ्याच सूचना शिरोधार्य मानण्याचे कारण नाही. प्रत्येक संकुलाला आपल्या फाटकाशी स्थानक हवे असते आणि खांब मात्र शेजारच्या संकुलापुढे. वाढत्या प्रत्येक थांब्यामागे गाडीतील सर्वांचा अर्धा-पाऊण मिनिट जातो, हे सूचना करणारा विसरतो. संपूर्ण मार्ग भूमिगत करावा, ही मागणीही अधूनमधून येते. खर्च कित्येक पटींनी वाढवून तीच गाडी मिळविण्यासारखे ते आहे. जुन्या ठाण्याच्या गल्ल्यांत, शिवाजी चौक व ठाणे स्थानक या भागात भूमिगत मार्ग घेतला आहे तो पुरेसा आहे. सर्वांत चुकीची सूचना म्हणजे प्रत्येक स्थानकाखाली मोटारींचा वाहनतळ. एक मोटार उभी करावयास लागणाऱ्या जागेत दोन रिक्षा आरामात येऊन जाऊ शकतात. शहराच्या आतल्या आत फिरणाऱ्या मार्गावर लोकांना मोटारीने स्थानकापर्यंत यायला लावणे म्हणजे जो रस्ता मोकळा करावयाचा तोच पुन्हा भरणे होय. अशा सूचना नाकाराव्यात. पण नाकारताना कारण द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी सूचना करणारा अधिक विचाराने करील.

घोडबंदर रस्त्याच्या बाबतीत मात्र रहिवासी आणि नियोजनकार यांच्यात मतभेदाला जागा नसावी. या रस्त्याने दुभागलेल्या वस्त्यांना आज अवजड वाहनांच्या रांगांतून रस्ता ओलांडावा लागतो. त्याच रस्त्यावरून वडाळा-कासारवडवली हा मेट्रो चारचा मार्ग जातो आणि त्याची पुढची कडी गायमुखला पोचते. खांबांवरच्या प्रत्येक स्थानकाचे तिकीटघर हे रस्त्यावरून आडवे जाणारे छप्पर असते. त्याच्या तिकीट न लागणाऱ्या भागातून कोणालाही, मेट्रोत न बसणाऱ्या शाळकरी मुलालासुद्धा, रात्रीही रस्ता ओलांडू द्यावा. वेगळा पादचारी पूल बांधण्याचा खर्च त्यामुळे वाचेल. याला जास्तीचा रखवालदार आणि दोन दिवे यांपलीकडे काही लागत नाही.

अडचण आहे ती संस्थांच्या संख्येची. मेट्रो चार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, वर्तुळ मेट्रो महामेट्रोची, उपनगरी गाड्या मध्य रेल्वेच्या, बस ठाणे परिवहनच्या, पदपथ महापालिकेचा. या वाहनांत बदल करीत जाणाऱ्या मनुष्याला यांतल्या एकाहून अधिक संस्थांशी व्यवहार करावा लागेल आणि प्रत्येक वेळी वेगळे तिकीट काढावे लागेल. सर्व वाहतुकीला चालणारे राष्ट्रीय प्रवास कार्ड मार्च २०१९ मध्ये जाहीर झाले. पण कार्ड एक झाले म्हणून भाडे एक होत नाही. प्रत्येक बदलाला किमान भाडे नव्याने द्यावे लागते. बसमधून मेट्रोत बदलणाऱ्याला दुसऱ्या टप्प्यावर सवलत देण्याचे महामेट्रो व परिवहन यांनी आत्ताच ठरविले, तर यंत्रे बसवितानाच तशी सोय करून घेता येईल. तीच गोष्ट परिवहनच्या मार्गांची. आज बहुतेक बस स्थानकाकडे धावतात. वर्तुळ मेट्रो आल्यावर त्यांतील पुष्कळ मार्ग आखूड करून आडवे वळवावे लागतील, आणि त्याला लागणाऱ्या लहान गाड्यांची मागणी मेट्रोच्या उद्घाटनाच्या आदल्या महिन्यात नोंदवून भागणार नाही.

ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर जे नवे रेल्वेस्थानक होत आहे, तेथे वर्तुळ मेट्रोचेही स्थानक नियोजित आहे. ही दोन्ही स्थानके कागदावर शेजारी दिसतात. कागदावरच्या शेजाराचे प्रत्यक्षात किती पायऱ्या आणि किती वळणे होतात, हे चेंबूर व वडाळ्याला मोनोरेलच्या प्रवाशांनी अनुभवले आहे. त्या ठिकाणचे पूल आणि जिने यांचा एकच नकाशा रेल्वे व महामेट्रो यांनी संयुक्तपणे काढावा, तो ठाण्यातील प्रभाग कार्यालयांत मराठीतून लावावा, आणि उरलेल्या एकवीस स्थानकांचेही असेच नकाशे, प्रवेशहक्कांचा एकही लिलाव होण्यापूर्वी, त्याच भिंतीवर यावेत. आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे ती स्वीकारली की नाकारली, आणि का, एवढे एका ओळीत लिहिण्यास दोन कारकून आणि तीन महिने पुरतील.